विंडोज १० चा सपोर्ट संपला, लॅपटॉप ११ घेत नाही: डेव्हलपमेंटसाठी लिनक्सवर जावं का?

तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही मिरजेत घरून काम करता. लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, ८ जीबी रॅमचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे तुमचा लॅपटॉप त्यात बसत नाही. दिवसभर पुण्यातल्या एका कंपनीचं पीएचपी आणि नोडचं, म्हणजे वेबसाइटच्या मागच्या कोडचं, काम असतं. संध्याकाळी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या तीन हळद अडत दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळता, ते सी शार्प भाषेत, विनफॉर्म्स या खिडक्या-बटणांच्या साच्यावर. एक मित्र उबुंटू टाक म्हणतो, दुसरा फेडोरा, तिसरा आर्च. लिनक्स ही विंडोजसारखीच एक सिस्टिम, आणि ही तिन्ही तिचीच वेगवेगळी रूपं. कुठलं घेऊ आणि डेव्हलपमेंटला लिनक्स खरंच बरं पडतं का, असं तुम्ही विचारलंय.

यातला "कुठलं घेऊ" हा भाग सगळ्यात सोपा आहे, म्हणून तो नंतर घेतो. अवघड प्रश्न वेगळाच आहे: तुमच्या कामातलं नेमकं काय विंडोजला बांधलेलं आहे, आणि काय नुसतं सवयीने तिथे चाललंय? हे दोन ढीग वेगळे झाले की निर्णय बराचसा आपोआप होतो. मी सांगलीत बसून गेली बरीच वर्षं अडत दुकानं, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आणि काही वेब प्रकल्प असं मिश्र काम करतो. माझं रोजचं मशीन डेबियनवर (हेही एक लिनक्सच) आहे आणि बाजूला विंडोजचा एक डेस्कटॉप कायम ठेवलेला आहे. म्हणजे तुमच्यासारखीच विभागणी. त्या अनुभवावरून लिहितोय.

कंपनीचं काम आधी घेऊ. पीएचपी आणि नोडचा कोड शेवटी बहुतेक वेळा लिनक्सच्या सर्व्हरवरच चालतो. तुमच्या कंपनीतही तसंच असेल, तरी एकदा विचारून खात्री करा. तसं असेल तर लिनक्सवर काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा वेग नाही, फुकट मिळतं हेही नाही. तुमच्या टेबलावर आणि सर्व्हरवर एकच वातावरण राहतं, हा खरा फायदा. तो कळण्यासाठी एक प्रकार जवळून पाहू.

कोल्ड स्टोरेजच्या एका वेबसाइटवर आवक-जावक दाखवणारं पान होतं. ज्या मुलाने ते बनवलं त्याच्या विंडोज लॅपटॉपवर ते व्यवस्थित उघडायचं, सर्व्हरवर चढवलं की कोरं. कारणं दोन निघाली. पहिलं, फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि कोडमध्ये ती फाइल स्मॉल अक्षराने बोलावली होती. विंडोजला हे दोन्ही सारखंच वाटतं, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. दुसरं कारण मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं. तिथे 'लोअर केस टेबल नेम्स' नावाचं एक सेटिंग असतं. विंडोजवर ते मुळातच १ असतं, म्हणजे टेबलांची नावं सगळी स्मॉल करून साठवली जातात आणि क्वेरीत कॅपिटल लिहिलं तरी चालून जातं. लिनक्सवर ते ० असतं, तिथे नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. विंडोजवरून घेतलेला डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) सर्व्हरवर चढवला की टेबलं सगळी स्मॉल अक्षरांत येतात, क्वेरीत मात्र कॅपिटल असतं, आणि टेबल सापडत नाही अशी तक्रार सुरू होते. मायएसक्यूएल ८ पासून हे सेटिंग डेटाबेस पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. आता हाच मुलगा लिनक्सवर काम करत असता तर दोन्ही चुका कोड लिहिला त्या दुपारीच समोर आल्या असत्या. ग्राहकाचा फोन येण्याची वेळच आली नसती.

ओळीच्या शेवटाचंही तसंच. विंडोज ओळ संपताना दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स एकच. एखादी शेल स्क्रिप्ट (कमांड लिहून ठेवलेली फाइल) विंडोजवर सेव्ह होऊन सर्व्हरवर गेली की फाइल डोळ्यांसमोर असूनही "अशी फाइल नाही" असा संदेश येतो आणि माणूस चक्रावतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये यावर उपाय आहे. प्रकल्पात गिट-अॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवून ओळींचा शेवट एकदाच ठरवून टाका. तुम्ही लिनक्सवर गेलात तरी हे करा, कारण टीममधले बाकीचे विंडोजवरच असतील.

डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर ८ जीबी रॅममध्ये फरक ठळक जाणवेल. लिनक्सवर कंटेनर थेट मशीनच्याच कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, चालतात. विंडोजवर त्यासाठी डब्ल्यूएसएल-२ म्हणजे पोटात एक छोटं लिनक्स चालवावं लागतं, आणि मर्यादा घातली नाही तर ते एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत मजल मारू शकतं. आठातले चार तिकडे गेले की क्रोम आणि एडिटरच्या वाट्याला काय उरतं, ते तुम्ही रोज बघतच असाल.

तरी डब्ल्यूएसएल-२ ला मी कमी लेखत नाही. ज्याला विंडोज सोडताच येत नाही आणि ज्याच्याकडे १६ जीबी रॅम आहे, त्याला मी आधी तेच सुचवतो. त्यात खरं लिनक्स कर्नल असतं. फक्त कोड त्या लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. सी ड्राइव्हवर ठेवून तिथून चालवला तर नोडच्या हजारो बारीक फाइली वाचताना मशीन रडतं, आणि लोक दोष डब्ल्यूएसएलला देतात. पण तुमचं विंडोज १० च मुदतीबाहेर गेलंय, त्यामुळे हा मार्ग तुम्हाला फार दिवस पुरणार नाही. वैयक्तिक मशीनसाठी नावनोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने केली, ती तेवढ्यापुरतीच. जुगाड करून ११ टाकणारेही आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवर दुसऱ्याचा कोड आणि तीन दुकानांचे हिशेब आहेत, त्याच्यावर हा धोका घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता अडत दुकानांचं सॉफ्टवेअर. इथे मात्र स्पष्ट बोलायला हवं. डॉटनेट, म्हणजे सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते, आता लिनक्सवर चालतं हे खरं आहे, २०१६ पासून चालतंय. पण विनफॉर्म्स आणि त्याच धर्तीचं डब्ल्यूपीएफ हे दोन्ही आजही विंडोजपुरतेच आहेत, आणि जुनं डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ तर पूर्णपणे विंडोजचं. पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओही लिनक्सवर येत नाही, येतो तो व्हीएस कोड. ती दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम उघडणारं सॉफ्टवेअर) कसंबसं उघडलं तरी त्यावर विसंबून अडत्याच्या हातात पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाची पावती, देऊ नका. दुकानात विंडोज आहे, तिथला डॉट मॅट्रिक्स विंडोजच्या ड्रायव्हरवर चालतो, तर तपासणीही विंडोजवरच व्हायला हवी. पट्टीवर तोलाई-हमालीचा आकडा एक रकाना सरकला तरी शेतकऱ्यासमोर अडत्याची पत जाते.

म्हणून विंडोज पूर्ण काढू नका, त्याला फक्त कोपऱ्यात बसवा. ते तीन प्रकारे करता येईल. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच एका खिडकीत, विंडोज चालवणं सगळ्यात सोयीचं, पण ८ जीबीत त्याची ओढाताण होते. आधी रॅम १६ करा, तुमच्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती वाढवता येते. दुसरा मार्ग ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही ठेवून सुरू करताना एक निवडणं. तिसरा, आणि माझ्या आवडीचा, म्हणजे एखादा वापरलेला डेस्कटॉप फक्त या कामासाठी ठेवायचा, तोही विंडोज ११ घेईल असा. टॅली, डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, सीएने पाठवलेली एखादी मॅक्रोवाली एक्सेल फाइल, हे सगळं त्याच मशीनवर राहू द्या. टॅली विंडोजसाठीच बनतं आणि सहीच्या टोकनचं लिनक्सवर जमवत बसणं म्हणजे विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी स्वतःचा जीव टांगणीला लावणं.

इथे मी "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं म्हणतो ते यासाठी. तुमची मोठी कमाई कंपनीच्या कामातून येते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझं उत्तर 'जा' असं आहे. हेच उलट असतं, म्हणजे घर अडत्यांच्या सॉफ्टवेअरवर चालत असतं, तर मी नवा विंडोज लॅपटॉप घ्या म्हणालो असतो. आयफोनची अॅप्स करणाऱ्याला मॅक लागतोच, त्याला या चर्चेचा उपयोग नाही. अँड्रॉइडवाल्याचं मात्र लिनक्सवर उत्तम चालतं.

आणि एक गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी: पुण्याच्या कंपनीला विचारा. लॅपटॉप तुमचा असला तरी त्यांचा व्हीपीएन, त्यांचं सुरक्षेचं किंवा हजेरीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का आणि त्यांना ते चालेल का, हे मेलवर लेखी घ्या. टीम्सचं लिनक्सवरचं वेगळं अॅप मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये बंद केलं, आता ते ब्राउझरमधून वापरावं लागतं. ते जमतं, पण मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर होते का हे आधी करून बघा. फोनवर "हो हो, चालेल" म्हणणाऱ्या मॅनेजरच्या शब्दावर डिस्क पुसू नका.

आता कसं जायचं. भाड्याचं घर बदलताना आपण आधी सामान हलवतो आणि मग जुन्या घराची किल्ली परत देतो, तसंच हे करा. विंडोजवर असतानाच रोजची सॉफ्टवेअर बदला: फायरफॉक्स, व्हीएस कोड, डेटाबेससाठी डीबीव्हर, पत्रांसाठी लिब्रे ऑफिस, मेलसाठी थंडरबर्ड. ही सगळी दोन्हीकडे मिळतात. काही आठवडे फक्त यांवर काढा आणि ज्या-ज्या वेळी दुसरं काही उघडावं लागेल ते वहीत टिपून ठेवा. ती वही म्हणजे तुमचा पहिला ढीग, विंडोजला खरोखर बांधलेला. माझ्या पाहण्यात बहुतेकांचा तो ढीग त्यांना वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. जे लोक एका रविवारी सगळं पुसून बसतात ते सोमवारी सकाळी नवी सिस्टिम, नवा एडिटर आणि नवा मेल अशा तीन आघाड्यांवर एकदम अडकतात, आणि आठवड्याभरात परत फिरतात. त्यांची क्षमता कमी पडत नाही, क्रम चुकलेला असतो.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघा, डिस्कला हात न लावता. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, एचडीएमआय आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का, एवढं तपासा. इंटेलच्या वाय-फाय चिप शक्यतो त्रास देत नाहीत, ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेकच्या देतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू ठेवून त्याचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर तो परत द्यावा लागतो. घाबरून ती पायरी वगळू नका, नाहीतर ड्रायव्हर लोडच होणार नाही.

बॅकअपबद्दल जरा थांबून बोलतो. कोड गिटवर आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे, असं नाही. पासवर्ड आणि चाव्या ठेवलेल्या एन्व्ह फाइली गिटमध्ये नसतात. पुश न केलेल्या (सर्व्हरवर न पाठवलेल्या) ब्रँच आणि स्टॅश, म्हणजे बाजूला ठेवलेले अर्धवट बदल, तुमच्याच डिस्कवर असतात. सर्व्हरवर शिरायच्या एसएसएचच्या चाव्या, ब्राउझरमधले पासवर्ड, दुकानांच्या डेटाबेसचे जुने डंप, सॉफ्टवेअरच्या लायसन्स फाइली, हे सगळं एकेक करून काढा. दोन प्रती करा आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. गावभागात, मारुती चौकात कपाटातल्या हार्ड डिस्कसकट सगळं पाण्यात गेलं. बॅकअप उघडून, एखादा डंप दुसरीकडे चढवून बघितल्याशिवाय तो बॅकअप आहे असं समजू नका.

इथवरचं थोडक्यात: कंपनीची लेखी परवानगी, मग सॉफ्टवेअरची अदलाबदल, मग पेनड्राइव्हवर चाचणी, मग तपासलेला बॅकअप, आणि त्यानंतरच डिस्क.

डिस्कचं म्हणाल तर, लॅपटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क आणि शेजारी रिकामा एम-डॉट-टू स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) असेल तर नवीन एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावरच टाका. जुनी डिस्क जशीच्या तशी राहते आणि मनाला धास्ती राहत नाही. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं असेल तर काही खाचखळगे आहेत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून ती डिस्क फक्त वाचता येते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये ती बहुधा इंटेलच्या आरएसटी किंवा रेड मोडमध्ये असते, तिला एएचसीआय करावं लागतं. पण विंडोज आधी सेफ मोडला लावून मगच हा बदल करा, नाहीतर विंडोज उठणार नाही.

घड्याळाचा एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. मशीनमधलं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं असं विंडोज धरून चालतं, लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवतं. परिणामी लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. तुमच्या बाबतीत हा नुसता वैताग नाही. सकाळी चाचणीसाठी काढलेल्या पट्टीवर मध्यरात्रीनंतरची वेळ पडेल, आणि पहाटे काढली तर तारीखच आदल्या दिवशीची. लिनक्सला हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव असं एका कमांडने सांगता येतं. ते पहिल्याच दिवशी करा.

आता तुमचा मूळ प्रश्न. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी, आवृत्ती घ्या. एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट तिच्यावरच उभं आहे आणि विंडोजची सवय असलेल्या हाताला ते लवकर बसतं. फेडोराची आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठा बदल आलाच. कामाच्या मशीनवर सुरुवातीला तो नको. आर्च शिकायला छान आहे, पण अपडेटनंतर काही बिघडलं तर ते निस्तरायला वेळ लागतो आणि तुमचा वेळ कंपनीला विकलेला आहे. कंपनीचा सर्व्हर डेबियन किंवा उबुंटूवर असेल तर मिंट-उबुंटू निवडण्याला आणखी एक कारण मिळालं. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवडा, आणि लॅपटॉपची बॅटरी धड नसेल तर इन्व्हर्टरवर चालवूनच करा. पार्टिशन लिहिताना वीज गेलेली परवडत नाही.

नोड सिस्टिमच्या भांडारातून न घेता एनव्हीएम या नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून घ्या, पीएचपी आणि मायएसक्यूएल सर्व्हरवर आहे त्याच आवृत्तीचे डॉकरमध्ये ठेवा. परवानगी नाकारली असा संदेश आला की लोक सरसकट सुडो (सर्वाधिकार देणारी कमांड) लावतात किंवा फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) देऊन टाकतात. त्याने आज काम होतं आणि पुढे मालकी हक्कांचा असा गुंता होतो की सुटता सुटत नाही. ८ जीबीवरच राहणार असाल तर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा, नाहीतर रॅम भरली की लिनक्समध्ये माउससुद्धा हलेनासा होतो.

मराठी टायपिंगची काळजी करू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये तयार मिळतो, फोनेटिकही मिळतो. अडचण येईल ती जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या मजकुराची. तिथे साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. तुमच्या डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांची नावं अशा फॉन्टमध्ये भरलेली असतील तर लिनक्सवरून पाहताना ती अगम्य दिसतील. ती नावं युनिकोडमध्ये आणायचं काम कधीतरी करावंच लागणार आहे, ते या निमित्ताने हातावेगळं करा. प्रिंटरपैकी एचपीचे बहुतेक चालतात. आपल्याकडे ऑफिसोऑफिसी दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला मात्र स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं किचकट आहे, तो विंडोजच्या डेस्कटॉपलाच जोडलेला बरा.

मुहूर्ताचं विचाराल तर हळदीचे सौदे जोरात असताना आणि ३१ मार्चच्या आसपास काहीही हलवू नका. पावसाळ्यात दुकानांचं काम मंदावतं तेव्हा करा. तोवर सॉफ्टवेअरची अदलाबदल आणि ती वही सुरू करता येईल. तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल, त्यातली वाय-फाय चिप आणि एम-डॉट-टू स्लॉट रिकामा आहे का, एवढं कळवा, म्हणजे पार्टिशन कसं करायचं ते नेमकं सांगता येईल.